डुगडुगता बाक आणि तिसरीतली ठकू

मी एक जुना, डुगडुगणारा बाक आहे. मित्रांनो, मला स्वस्थ उभं राहता येत नाही, पण त्यात माझा दोष नाही. डोळखांबजवळच्या एका पाड्यावर सावळाराम सुताराने मला उतरत्या अंगणात ठेवून माझे पाय कापले. तिथे मी अगदी ताठ उभा होतो! शाळेच्या सपाट जमिनीवर आलो आणि एक पाय अधांतरी राहिला. कुणी जरा हललं की मी टकटक वाजायचो.

१९९८ साली तिसरीतली ठकू माझ्यावर बसू लागली. ती माझ्याहून चुळबुळी. पुस्तक उघडलं की तिचे पाय हलायचे, नखं माझी कड खरवडायची. काल वाचलेला शब्द आज तिला परका वाटायचा. पोरं तिला ‘ढ’ म्हणायची. मला भारी चीड यायची, पण चार पाय असून एक लाथ मारता येत नव्हती.

तिचा बाप कमळू दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा. त्या वर्षी त्याने सांगून टाकलं, “वाचता येत नाय तर शाळा कशाला? भट्टीवर चल.” दिवाळी जवळ येऊ लागली, तशी ठकूची चुळबूळ वाढली. माझीही.

त्याच सुमारास ठकूच्या वर्गाच्या जयश्रीबाई शहापूरला प्रशिक्षणाला जाऊन आल्या. काही मुलं हुशार असूनही त्यांना वाचन जड जातं, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, हे त्यांना तिथे कळलं. अशा मुलांना जे जमतं ते आधी शोधा, म्हणजे त्यांना उभारी येते, असंही सांगितलं होतं. बाई उत्साहाने कामाला लागल्या आणि ठकूला उठसूट शाब्बास म्हणू लागल्या. अडखळली तरी शाब्बास, गप्प बसली तरी शाब्बास!

एके दिवशी ठकू ताडकन उठली. “बाई, खोटं कशाला बोलता? मला वाचता नाय आलं.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिला माझ्यावर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या. “चुकलंच माझं. खरं सांग, तुला काय करायला आवडतं?”

बाई बसून राहिल्या, ठकू माझी कड खरवडत राहिली. मग म्हणाली, “गोष्ट सांगाया. बारकी पोरं ऐकत बसतात माझं.”

दुसऱ्या दिवसापासून बाई धडा वाचून दाखवत आणि ठकू तो पहिलीच्या पोरांना रंगवून सांगे. पोरं पांगली की तोच धडा ती बोट ठेवून वाची. अडलेलं अक्षर सुपातल्या राखेत गिरवी. गोष्ट ओळखीची झाल्यामुळे आता ती पुस्तकापासून पळत नसे.

दिवाळी सरली. कमळू बोचकं घेऊन दारात आला, तेव्हा ठकू गोष्ट सांगत होती. तो उंबऱ्यावर टेकला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला. माझा जीव टांगणीला लागला होता.

“वाचाया येतं का आता?” त्याने विचारलं.

“थोडं येतं, बा. येळ लागंल,” ठकू म्हणाली. “पण मला शिकायचंय.”

कमळूने बाईंकडे पाहिलं. “तुमी खरं काय ते सांगा.”

“तिने सांगितलं तेच खरं.”

कमळूने बोचक्याची गाठ सोडली आणि त्यातले ठकूचे कपडे माझ्यावर ठेवले. “हितंच सकुआत्याकडं राहा,” तो म्हणाला. “तिला तरास देऊ नको गो.”

आता मी शाळेच्या ओसरीत पावसाची झड खात पडलो आहे. वाळवी लागली आहे. जमलं तर मला आत घ्या. पण मित्रांनो, तुमच्या शेजारचं कुणी वाचताना अडखळलं तर हसू नका, आणि कीव म्हणून शाब्बासही म्हणू नका. तुला काय आवडतं, असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसून राहा.