माझ्या आवाजात बुडालेली हाक

मित्रांनो, पुलगावच्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जो जुना स्पीकर पडून आहे, तो मी. माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही आणि जे आहे ते सांगायला मला लाज वाटते. तरी सांगतो.

२००५ साली रूपरावांनी मला नागपूरहून आणलं. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांची मुलगी काजल कॉम्प्युटरचा क्लास करत होती, तिच्यासाठी कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यासोबत मी आलो. मला एक जोडीदारही होता, पण आवाज कमीजास्त करायचं गोल बटण माझ्या अंगावर होतं. त्याचा मला केवढा अभिमान! पहिल्या महिन्यात शेजारपाजारचे लोक मुद्दाम मला ऐकायला येत. रूपरावांची आई, वच्छलाबाई, माझ्यावर सकाळी भजनं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "डब्बा लहान आहे, पण गळा मोठा आहे याचा."

पुढे काजलच्या मैत्रिणीने एक सीडी दिली. एका सिनेमावरून काढलेला खेळ होता. त्यात निळा मुखवटा घातलेला एक वीर उंच इमारतींवरून झेपावायचा, जळत्या घरांतून, पडत्या पुलांवरून माणसं सोडवायचा. खाली लोक ओरडत, वर स्फोट होत, आणि ते सगळं माझ्यातून निघे. काजल चार दिवस खेळली, मग रूपराव तिला रागावले. "कॉम्प्युटर शिकाले घेतला तुले, हे खेळाले नाई," असं म्हणून त्यांनी सीडी स्वतःजवळ ठेवली.

दुपारी दुकान बंद करून ते जेवायला येत. जेवण झालं की दार लोटून घेत आणि तीच सीडी लावत. पन्नाशीला आलेला माणूस, सकाळपासून गिऱ्हाइकांना कढया आणि गंज-पातेली दाखवून थकलेला. पण खेळ सुरू झाला की खुर्चीतून अर्धा उठून खेळायचा. माझं बटण शेवटपर्यंत फिरवायचा. मला ते फार आवडायचं. इतक्या मोठ्याने मला दुसरं कोणी बोलू देत नव्हतं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी रूपरावांची बायको ज्योत्स्ना आंजीला नातेवाइकांकडे गेली होती. जाताना ती काजलला म्हणाली होती, "आजीकडे ध्यान ठेवजो." रूपराव जेवून उठले, तेव्हा काजलने विचारलं, "बाबा, मी मैत्रिणीकडून नोट्स घेऊन येऊ का? आजी झोपली आहे."

"जा. मी आहो घरी," ते म्हणाले.

ती गेली आणि खेळ सुरू झाला. किती वेळ गेला, मला कळलं नाही. मी गर्जत होतो. तीन वाजता लोडशेडिंगची वेळ झाली आणि लाईन गेली. पडदा काळा झाला, मी एकदम मुका झालो. तेव्हा मागच्या अंगणातून बारीक, बसलेला आवाज आला.

"रूपराव... अरे रूपराव..."

नळाजवळच्या ओल्या फरशीवर वच्छलाबाई पडल्या होत्या. ऊन थेट अंगावर आलं होतं. त्या कधीपासून हाका मारत होत्या कोण जाणे. शेजाऱ्यांनी ऑटो आणला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी ज्योत्स्ना घरी आली आणि पहिलं काजललाच विचारलं, "तुले सांगून गेलती मी. तू कुठं गेलती?"

काजलने बापाकडे पाहिलं. रूपराव भिंतीकडे पाहत म्हणाले, "मी दुकानातून आलो, तवा माय पडून होती."

ज्योत्स्नाने तिचा क्लास बंद केला. "परीक्षा गिरीक्षा काई नाई. घरी राहा, आजीचं कर," ती म्हणाली. पोरगी तीन आठवडे खाली मान घालून आजीचं सगळं करत राहिली. मी टेबलावर बसून पाहत होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं. कोणतीही सीडी लावली तर मी तासभर बोललो असतो, पण ते एक वाक्य माझ्याकडून कधीच निघणार नव्हतं.

ऑपरेशननंतर वच्छलाबाईंची खाट माझ्याच खोलीत टाकली. एका सकाळी ज्योत्स्ना पुन्हा काजलला बोलू लागली. त्याच दिवशी काजलची परीक्षा होती, आणि पेपर सुरूही झाला होता. रूपराव चपला घालत होते. ते थांबले.

"तिले नको बोलू," ते म्हणाले. "मी घरीच होतो. गेम खेळून राह्यलतो. मायची हाक मले ऐकूच आली नाई."

वच्छलाबाई खाटेवरून म्हणाल्या, "मले मालूम होतं. त्या डब्ब्याचा आवाज अंगणात येत होता. तू कवा सांगतो, तेच पाहून राह्यली होती मी." मग त्यांनी विचारलं, "काय असते रे त्या खेळात?"

"एक माणूस असते, माय. लोकाइले वाचवते."

"मंग, वाचले का लोकं?"

रूपरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काजल तिथेच उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, हे तुमी तवाच सांगाले पाहिजे होतं." आणि आजीसाठी पाणी आणायला आत गेली. क्लास पुन्हा सुरू झाला, पण ती परीक्षा हुकली ती हुकलीच. वच्छलाबाई नंतर काठीशिवाय कधी चालल्या नाहीत.

रूपरावांनी माझी वायर काढून मला कपाटात ठेवलं. मला राग आला नाही. बटण त्यांनी फिरवलं होतं, पण एवढं गर्जताना मला सुखच वाटत होतं ना?

मित्रांनो, खेळा, खुशाल खेळा. पण घरात कोणी तुमच्या भरवशावर झोपलं असेल, तर आवाज हळू ठेवा. मध्येच एकदा उठून त्यांना पाहून या. आणि चूक झालीच, तर त्याच संध्याकाळी सांगा. तीन आठवडे थांबू नका.