पाऊण मिलिमीटरची पायरी

माझा भाऊ एन्नो गेला. त्याला पुरून आल्यावर चौथ्या दिवशी मी कामावर हजर झाले. घरी बसून काय करायचं, ते सुचत नव्हतं.

जर्मनीत वेझर नदीकाठच्या आमच्या संस्थेत तेव्हा आवाजाच्या सातपट वेगाने उडणारं एक चाचणीचं यान तयार होत होतं. त्या वेगात यानाचा पत्रा कुठे किती तापेल, याचा अंदाज काढणं माझ्याकडे होतं. मी आले की लोक आवाज खाली आणत. मी आकडे मांडायचे, जेवायचे, घरी जायचे.

त्याच आठवड्यात वर्कशॉपमधून एक कागद आला. पाठवणारा हिनेर्क ओस्टहॉफ, तिथला सगळ्यात जुना फिटर. यानाच्या नाकाची टोपी धडाला मिळते तिथे पाऊण मिलिमीटरची पायरी राहिली आहे, असं त्याने मोजून लिहिलं होतं. खाली विचारलं होतं, चालेल का.

एवढीशी पायरीसुद्धा पुरते. तिच्यावरून जाताना गुळगुळीत सरकणारी हवा घुसळली जाते आणि मागच्या पत्र्याला तिप्पट उष्णता लागू शकते. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. नव्याने गणित करायला दोन दिवस लागले असते. मी कागदावर ‘फरक पडत नाही’ असं लिहिलं, सही केली आणि तो परत पाठवला.

मे महिन्यात नॉर्वेच्या किनाऱ्यावरून उड्डाण झालं. आम्ही पडद्यावर पाहत होतो. एकसष्टाव्या सेकंदाला टोपीमागच्या तिसऱ्या पत्र्याचं तापमान माझ्या अंदाजाची रेघ सोडून वर चढलं. मग आकडे यायचे थांबले. यान समुद्रावर फुटलं होतं. आत माणूस नव्हता, पण आठ वर्षांचं काम होतं. शेजारी कुणीतरी रडत होतं. मला काही वाटलं नाही.

चौकशी बसली. आमच्या संचालक ल्युडेकेबाईंनी मला आधी बाजूला घेऊन समजावलं, की तुमचा अंदाज गुळगुळीत पृष्ठभागासाठी होता, तेवढंच सांगा. चूक जोडणीची आहे.

ओस्टहॉफ टेबलाच्या टोकाला बसला होता. पायरी दिसली नाही का, असं त्याला विचारलं. दिसली होती, एवढंच तो म्हणाला. माझ्या सहीचा कागद त्याच्याकडेच होता. त्याने तो काढला नाही.

“त्यांनी मला लिहून विचारलं होतं,” मी म्हणाले. “मी गणित न करता सही केली.”

ल्युडेकेबाई म्हणाल्या, “तुमच्या घरी तेव्हा जे झालं, त्यात नजरचुकीने...”

“नाही. मी नीट वाचलं होतं. काय होईल ते मला माहीत होतं. फक्त त्याचं काही वाटलं नाही.”

अंदाजाचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्या मुलीला दिलं. मी तिचे आकडे तपासायला लागले. ओस्टहॉफला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी तो कँटीनमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. काट्याने बटाटे कुस्करायला लागला.

“कागद पाठवायला नको होता मी,” तो म्हणाला. “एरवी स्वतः आलो असतो. तुला हाताला धरून ती पायरी दाखवली असती. पण तुझ्यासमोर येऊन काय बोलायचं, तेच कळेना. म्हणून कागद.”

“तुम्ही कागद दाखवला का नाहीत?”

“तू बोलतेस का ते बघत होतो.” त्याने काटा खाली ठेवला. “नसतीस बोलली तर दाखवला असता. मी काही संत नाही.” मग त्याने विचारलं, “भाऊ काय करायचा तुझा?”

तीन महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो नदीवर फेरीबोट चालवायचा, मी सांगितलं. धुकं असलं की भोंगा गरजेपेक्षा जास्त वाजवायचा आणि काठावरच्या लोकांच्या शिव्या खायचा. ओस्टहॉफ हसला. त्या बोटीने तो कित्येकदा पलीकडे गेला होता.

मी बोलत राहिले. रडू आलं नाही. मात्र कँटीनवाली टेबलं पुसायला आली तेव्हा लक्षात आलं, आमच्याखेरीज तिथे कुणीच उरलं नव्हतं.