रेघेवरचं बाळंतपण

हे कुणाला पटणार नाही, आणि पटावं अशी माझी इच्छाही नाही. बायांनो, तुम्ही किमचीच्या कोबीला मीठ चोळत राहा. हात कामाला, कान इकडे. मध्येच कुणी "असं कुठं असतं का?" म्हणालं तर मी उठून जाईन, आणि मग या गारठ्यात दिवसभर तुम्हाला एकमेकींच्या सासवांच्या चहाड्या ऐकत बसावं लागेल.

तर, मोठं युद्ध संपलं होतं. जपानी आपल्या कोरियातून गाशा गुंडाळून गेले. आपल्या लोकांना वाटलं, सुटलो, आता आपलं घर आपल्याला. तेवढ्यात जिंकलेल्या दोन दांडग्यांनी नकाशा पसरला, त्यावर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीनं एक रेघ ओढली. वरचं रशियाचं, खालचं अमेरिकेचं. पेन्सिलीला काय ठाऊक, खाली कोण झोपलंय? ती डोंगर चढली, ओढा ओलांडला, दोल्मोरू गावात शिरली आणि थेट मा चुन-बोक नावाच्या माणसाच्या घरातून आरपार निघून गेली. स्वयंपाकघर उत्तरेत, झोपायची खोली दक्षिणेत. आता आपल्या घरांची तऱ्हा तुम्ही जाणताच. चूल पेटते स्वयंपाकघरात आणि तिचा जाळ जमिनीखालून जाऊन खोली तापवतो. म्हणजे लाकडं जळायची रशियाची आणि पाठ शेकायची अमेरिकेची.

पहिल्या हिवाळ्यातच यावरून जुंपली. उत्तरेचा कॅप्टन झुबारेव, मिशा अशा की दोन खारी समोरासमोर बसल्यात, चुलीपाशी उभा राहून म्हणाला, "ही चूल जनतेची आहे. हिची ऊब पलीकडच्या भांडवलदारांना का मिळावी?"

दक्षिणेचा लेफ्टनंट हॅडली, सदानकदा काहीतरी चघळणारा, खोलीतून ओरडला, "ऊब मोकळी आहे! तिला जिकडे जायचं तिकडे ती जाईल. आमच्याकडे यालाच स्वातंत्र्य म्हणतात."

चुन-बोक मधल्या उंबऱ्यावर उकिडवा बसला होता. एक टाच या राज्यात, एक त्या राज्यात. तो म्हणाला, "साहेब, ऊब फक्त माझ्या बायकोच्या कमरेकडे जाते. तिची कंबर धरते." मग दोन्ही दुभाष्यांकडे बघून हळूच म्हणाला, "हे तिकडे सांगू नका हं."

दुभाषे आपलेच. उत्तरेकडे प्यो, दक्षिणेकडे हाम. एकाच तळ्यात पोहायला शिकलेले, पण आता एकमेकांकडे बघायचीही दोघांना चोरी.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण चुन-बोकचं हसणं केव्हाच आटलं होतं. दोघंही साहेब आळीपाळीनं यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "तू कुणाचा?" याचं बरोबर उत्तर कुणाला माहीत नव्हतं. गिरणीवाल्यानं एकाला एक सांगितलं आणि दुसऱ्याला दुसरं. एका सकाळी गिरणी उघडी होती, जात्यात अर्धवट दळलेलं पीठ होतं आणि गिरणीवाला नव्हता. कुठल्या बाजूनं नेला, हे विचारायचीसुद्धा गावाची छाती झाली नाही. तेव्हापासून चुन-बोक प्रश्न आला की खोकायचा. इतका खोकायचा की पुढं त्याला खरंच खोकला जडला.

दुसरा हिवाळा आला आणि दोन्ही साहेबांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं. रेघेवर घर नको. पाडा. दोन्हीकडची माणसं येतील, उत्तरेचे उत्तरेकडून पाडतील, दक्षिणेचे दक्षिणेकडून, मधली भिंत दोघं मिळून.

हामनं हे सांगितलं तेव्हा चुन-बोकनं आधी खोलीकडे बघितलं. आत त्याची सून ओक-बुन चुलीकडच्या ऊबदार कोपऱ्यात कुशीवर पडली होती. दिवस भरत आले होते. मुलगा इंचनच्या गोदीत हमाली करायला गेलेला, त्याचा दोन महिन्यांत निरोप नाही. बाहेर ओढा तळापर्यंत गोठलेला.

"बाळंतपण होईस्तोवर तरी थांबा म्हणावं," चुन-बोक म्हणाला.

"सांगितलं, काका. लेफ्टनंट म्हणतो तो थांबेल, पण कॅप्टन थांबत असेल तर."

"आणि कॅप्टन?"

"तोही तेच म्हणतो."

या गारठ्यात पोरीला न्यायची कुठं? रेघेवरच्या माणसाला आसरा देऊन आपल्या मागं चौकशी कोण लावून घेणार? सख्ख्या चुलत भावानं त्याला बघून दाराला कडी घातली होती. दुपारी तो गोठ्याशी पेंढा घेऊन बसला आणि दोरी वळू लागला. बायकोनं बघितलं. दोरी उलट्या पिळाची होती.

"अहो, हे काय करताय?"

"सुवेराची दोरी."

"पोर जन्मायच्या आधी? समसिन आजी पोरं देते, तिलाच फसवताय? उद्या तिनं दिलेलं परत घेतलं म्हणजे?"

चुन-बोकचे हात थांबले नाहीत. "समसिन आजीच्या पाया पडता येईल. ती आपल्यातली आहे. या दोघांच्या पायाशी गेलो तर बूट लागतील."

"बरं, मग नुसता कोळसा आणि पाइनची डहाळी खोवा. मुलगी झाली म्हणू."

"छे! बोलायचंच आहे तर चांगलं भरघोस खोटं बोलू," म्हणत त्यानं दोरीत कोळशाबरोबर लाल मिरच्या खोवल्या. मुलगा झाला! दोरी फाटकावर आडवी बांधली. आता तीन सप्तकं, एकवीस दिवस, बाहेरच्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही. राजा आला तरी नाही.

सकाळी ट्रक आले, पहारी आल्या. दोरी दिसल्याबरोबर प्यो जागच्या जागी थांबला. हामही थांबला. दोघांनी वर्षभरात पहिल्यांदा एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं आणि दोघांनीही टोप्या काढल्या.

"काय झालं? चला!" कॅप्टन म्हणाला.

"आत बाळंतीण आहे, साहेब. दोरीपलीकडे जाता येत नाही."

"ही पेंढ्याची दोरी? अंधश्रद्धा! हिच्यातूनच तर जनतेला सोडवायला आलोय आम्ही," म्हणत कॅप्टननं बूट उचलला.

हॅडलीच्या माणसानं लगेच कॅमेरा डोळ्याला लावला. कॅप्टनला कळलं. संध्याकाळपर्यंत दक्षिणेत गावोगाव पत्रकं वाटली जातील: बघा, लाल सैन्य बाळंतिणीची दोरी तुडवतंय. उचललेला बूट त्यानं हळूच होता तिथं ठेवला. आता हॅडली पुढं सरकला, तर कॅप्टनच्या माणसानं वही काढून पेन्सिलीला थुंकी लावली. हॅडली चघळायचं थांबला आणि मागं आला.

दोन साम्राज्यं, एका हातात जग फुंकून टाकायचा बाँब आणि दुसऱ्या हातात सगळ्या जगाच्या भाकरीचं वचन, आणि दोघंही चार मिरच्यांपुढं उभे! चुन-बोक कुंपणाच्या फटीतून बघत होता. मनात म्हणाला, जमलं.

कसलं जमलं! दोघांपैकी कुणालाच आता मागं राहायचं नव्हतं. कॅप्टननं जाहीर केलं, लोकांच्या रूढीचा आदर आम्हीच जास्त करतो, आणि दोरीपाशी पहारेकरी बसवला. पलीकडचे दोरी तोडतील, म्हणून. हॅडलीनंही बसवला. झालं! दोन बंदूकधारी दिवसरात्र फाटकात, आणि आत बाळ रडायला हवं.

बायकोनं डुकराचं पिल्लू गोधडीत गुंडाळलं आणि दिवसातून काही वेळा ती त्याला चिमटे काढायची. रशियन पहारेकरी शहरातला होता, त्याचे डोळे पाणावायचे. अमेरिकन मात्र शेतकऱ्याचा पोरगा. त्यानं कान टवकारले आणि हामला काहीतरी म्हणाला.

हाम कुंपणाशी येऊन कुजबुजला, "काका, तो म्हणतो बाळ भुकेलंय, त्याला कोंडा घाला."

चुन-बोक कुंपणाला चिकटला. "साहेबाला सांगेल का रे?"

"आज तरी नाही म्हणतो. पण त्याची पाळी बदलली तर नवा कोण येईल, सांगता येत नाही. शेपूट तेवढं झाका."

आणि भेटी येऊ लागल्या. उत्तरेकडून बाळंतिणीच्या कढणासाठी समुद्रशेवाळाची जुडी आली, दक्षिणेकडून दुधाचे डबे. मग उत्तरेकडून त्याहून मोठी जुडी, दक्षिणेकडून त्याहून मोठे डबे. सासू रांधायची, ओक-बुनच्या घशाखाली उतरायचं नाही. ती पोटावर हात ठेवून म्हणायची, "सासूबाई, बाहेर इतकं कौतुक चाललंय आणि हा आतच बसलाय. ऐकत असेल का सगळं?"

एवढ्यावर भागलं असतं. पण मग कॅप्टनच्या डोक्यात आलं, हे नव्या समाजवादी युगाचं पहिलं बाळ. चुलीच्या बाजूला जन्मलं, म्हणजे उत्तरेचं. हॅडली म्हणाला, खोलीत जन्मलं, म्हणजे स्वतंत्र जगाचं. दोघांनी ठरवलं, दोरी सुटेल त्या दिवशी बाळ बाहेर आणायचं. फोटो, बँड, दोन्हीकडची भाषणं. त्याच्या दुसऱ्या दिवशी घर पाडायचं.

आता चुन-बोकची झोपच गेली. पोर आलं नाही तर एकवीस दिवसांचा मुलगा आणायचा कुठून? आणि दोन्ही फौजांना फसवणाऱ्याचं काय होतं? गिरणीवाल्यानं तर नुसतं उत्तर चुकवलं होतं. चुन-बोक येता-जाता मागच्या अंगणात जाऊन समसिन आजीला हात जोडायचा. "माझ्यावर राग काढ, पोरीवर नको." आणि पुढं फाटकाशी येऊन पहारेकऱ्यांना दात काढून दाखवायचा.

दोरी सुटायला फारसे दिवस उरले नव्हते आणि एका सकाळी ओक-बुनच्या पोटात कळा सुरू झाल्या. सासूनं हात लावून बघितलं आणि ती ओरडली. "पायाळू आहे. हे माझ्यानं व्हायचं नाही. सुईण आजीला बोलवा. पळा!"

सुईण हाकेच्या अंतरावर राहायची. चुन-बोकनं कुंपणावरून हाक घातली, म्हातारी घागरा खोचून धावत आली आणि फाटकात दोन बंदुका तिच्यापुढं आडव्या झाल्या. नवे पहारेकरी होते. दोघंही दोरीकडे बोट दाखवत होते. बाहेरच्या माणसानं आत जायचं नाही. सक्त हुकूम.

"अरे मुडद्यांनो, दोरी तुमच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही!" म्हातारी किंचाळली.

प्यो धावत आला, हाम आला. प्यो म्हणाला, "काका, बाळ तर कधीच झालंय ना? मग सुईण कशाला, असं विचारतील. काय सांगू त्यांना?"

चुन-बोकनं तोंड उघडलं आणि खोकला आला. एरवीचाच. तो खोकत राहिला, खोकत राहिला. कानात गिरणीचं रिकामं जातं फिरत होतं. अजूनही काहीतरी सुचेल. बाळाला ताप आलाय म्हणावं. बायकोची कंबर म्हणावं.

"मामंजी!"

सून सासऱ्याला अशी हाक मारत नाही, बायांनो. कधीच नाही. लग्न होऊन आल्यापासून ओक-बुन त्याच्यासमोर मान वर करून बोललेली नव्हती.

"मामंजी, मला मरायचं नाही हो!"

चुन-बोकचा खोकला थांबला. त्यानं छपराला खोचलेला विळा काढला, फाटकाशी आला आणि एका झटक्यात दोरी तोडली. मिरच्या रशियन बुटांवर पडल्या आणि अमेरिकन बुटांवरही.

"पोर झालेलं नाही," तो म्हणाला. "डुकराचं पिल्लू होतं. मी खोटं बोललो. दोघांशी सारखंच बोललो, कुणाला उणं नाही, कुणाला अधिक नाही. मला न्यायचं तर न्या, घर पाडायचं तर पाडा. पण आधी आजीला आत सोडा. सांग रे प्यो, शब्दन् शब्द सांग. हाम, तूही सांग."

दोघांनी सांगितलं. दोन भाषांत एकच गोष्ट, एकाच वेळी. पहारेकऱ्यांना काय करावं कळेना आणि तेवढ्यात म्हातारी त्यांच्या बंदुकांखालून वाकून आत पळाली.

कॅप्टन आला, लेफ्टनंट आला. त्यांना सगळं कळलं. कॅप्टनच्या मिशा ताठ झाल्या, हॅडलीचं चघळणं बंद झालं. पण आतून किंकाळी आली आणि दोघंही खोलीकडे वळले. तुटलेल्या दोरीपलीकडे जायला आता कुणाची आडकाठी नव्हती, तरी कुणी गेलं नाही. चुन-बोक फाटकात विळा हातात धरून तसाच उभा. त्याला आत जाता येत नव्हतं आणि बाहेरही. सूर्य डोंगराच्या डोक्यावर आला, उतरला. एकदा आतलं सगळं शांत झालं. इतकं शांत की रशियन पहारेकऱ्यानं छातीवर क्रूस काढला आणि कॅप्टननं बघून न बघितल्यासारखं केलं.

आणि मग रडणं आलं. बारीक, चिडकं, ओलं. हे डुक्कर नव्हतं.

मुलगा झाला, बायांनो! आठ शेर वजनाचा, जन्मतःच दोन दात! ओक-बुन सुखरूप! कॅप्टन झुबारेव मिशा भिजेपर्यंत रडला, लेफ्टनंट हॅडली त्याच्या गळ्यात पडला. दोघांनी तिथल्या तिथं नकाशा मागवला, चुन-बोकच्या घरातला भाताचा वाडगा त्यावर पालथा घातला, आणि पेन्सिलीची सरळ रेघ पुसून वाडग्याच्या काठानं वळवून घेतली. घराला वळसा! सगळ्या जगात ती एवढीच जागा, जिथं रेघ वाकली. आजही नीट बघितलंत तर नकाशात तो फुगवटा दिसतो, आणि ते घर अजून—

"खोटं!"

बायांच्या घोळक्यातून एक चाळिशीची बाई उठून उभी राहिली. कोपरापर्यंत मीठ, नाक थंडीनं लाल.

"साफ खोटं बोलताय, काका. ओक-बुन माझी आई. मुलगा म्हणे! त्या दिवशी जन्मले ती मी. आणि दुसऱ्याच दिवशी दोन्हीकडून पहारी लागल्या, मधली भिंत दोघांनी मिळून पाडली. आजोबांना न्यायला कुठल्या बाजूची माणसं आली होती, ते आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही. रेघ वाकली असती, तर मी इथं इंचनात परक्यांच्या अंगणात कशाला बसले असते?"