एकशे बाराव्या पानावरचा घोडा

पुस्तकात घोडा नव्हताच. घोडा मावशीने आणला होता, तोही एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, दुसरं काही सुचेना म्हणून. आणि आता शुक्रवारी खुद्द लेखिका यायची होती.

मावशी म्हणजे धुलाई कारखान्याच्या घडीखोलीतली मावशी. पलीकडच्या दालनात मोठाली यंत्रं हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन, वाळवून, इस्त्री करून काढत, आणि या खोलीत अकरा बायका त्यांच्या घड्या घालत. काम सोपं, पण दोघींचं. एकीने दोन टोकं धरायची, समोरचीने दोन, एक झटका द्यायचा, मग चालत जवळ यायचं, टोकं जुळवायची आणि पुन्हा मागे सरायचं. दिवसातून इतक्या वेळा समोरासमोर यावं लागतं की इथे भांडण टिकतच नाही, असं मावशी म्हणायची. अपवाद फक्त दोन जावांचा. थोरली आणि धाकटी एकाच घरातून एकाच बसने यायच्या, एकाच चादरीची टोकं धरायच्या, आणि कुठल्याशा कपाटावरून चार वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. घड्या मात्र त्यांच्याच सगळ्यात सुरेख.

मागच्या वर्षी मावशी जिन्यावरून पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचा निकाल लागला. हाड जुळलं, पण चादर झटकायची ताकद काही परत आली नाही. आता तिला घरी बसवणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. तेव्हा शिडीने तोडगा काढला. शिडी म्हणजे खोलीतली सगळ्यात उंच बाई, आणि जिभेनेही कुणाला हार न जाणारी. ती सरळ मुकादमांकडे गेली.

"मावशीच्या वाटणीच्या चादरी आम्ही दहाजणी उरकतो. तिने आम्हाला वाचून दाखवावं."

"काय वाचून दाखवावं?"

"काहीही. तुमच्या नोटिसा सोडून."

मुकादमांनी डोकं खाजवलं. "ढीग वेळेत संपला पाहिजे. बाकी मला काही ऐकू येत नाही," असं म्हणून ते गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन रोज दाराशी उभे राहू लागले. वहीत ते काय लिहीत होते ते देवालाच ठाऊक.

पुस्तक मावशीला रस्त्यावर मिळालं. वाचनालयाच्या फाटकाबाहेर एक बाई घडीचं टेबल टाकून आपलीच पुस्तकं विकत बसली होती. स्वतःच लिहायची, स्वतःच छापून घ्यायची आणि स्वतःच पिशवीतून वाहून आणायची. मावशी थांबली ती तिच्या छत्रीच्या सावलीसाठी. पण "कशावर आहे हो?" असं विचारलं आणि फसली.

गोष्ट एका अशा गावाची होती, जिथे कडक दुपारी माणसांच्या सावल्या सुटून पळून जातात. सावली गेलेला माणूस हळूहळू स्वतःचं नाव विसरतो. त्या गावात एक म्हातारा शिंपी होता. तो पळालेल्या सावल्या गाठायचा आणि ज्याच्या त्याच्या टाचेला पुन्हा शिवून द्यायचा. आणि एक धुकेवाली होती. ती त्याच सावल्या पोत्यात भरून न्यायची.

चौथ्या दिवशी चादरीच्या एका टोकाकडून धाकटी जाऊ म्हणाली, "धुकेवाली काही वाईट नाही. तिला कुणी कधी विचारलंच नाही, बाई तुला काय हवंय."

"वा!" दुसऱ्या टोकाकडून थोरली कडाडली. "पोतंभर सावल्या चोरते आणि म्हणे वाईट नाही!"

सगळ्या खोलीचे हात थांबले. चार वर्षांतलं ते पहिलं वाक्य होतं. त्या दिवसापासून दोघी धुकेवालीवरून इतक्या तावातावाने भांडू लागल्या की कपाट कुठल्या कुठे राहून गेलं.

अशी मजेत गाडी चालली होती, ती एकशे बाराव्या पानावर अडली.

त्या सुमारास काम सोडून गेलेल्या एकीच्या जागी खोलीत एक तरुण मुलगी नव्याने आली होती. सगळ्या तिला नवीच म्हणायच्या. वडील जाऊन तिला पंधरा दिवस झाले होते, आणि वडील शिंपी होते. ती कुणाशी बोलायची नाही, चादरीची टोकं मात्र बोटांनी चाचपून बघायची, शिवण सरळ आहे का म्हणून. त्या बुधवारी तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मावशी, तो म्हातारा मरत नाही ना हो?"

मावशीची नजर पुढच्या ओळीवर गेलेली होती. म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली आणि डोळे मिटले, असं तिथे स्वच्छ छापलं होतं. मावशीने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा नवीकडे.

"छे गं! त्याला काय धाड भरलीय?" ती म्हणाली.

एक खोटं झाकायला दहा खोटी लागतात म्हणतात. मावशीला पहिल्याच खोट्याला घोडा लागला. धुक्यातून एक पांढरा घोडा आला आणि म्हाताऱ्याला पाठीवर घालून घेऊन गेला. नुसता घोडा काय कामाचा, म्हणून त्याला एक खोड दिली. समोर कुणी खोटं बोललं की तो शिंकायचा. खोली अशी हसली की पलीकडची यंत्रंसुद्धा ऐकू येईनात. नवीही हसली. मग तर मावशीला मागे फिरता येईना.

तसे सहा आठवडे गेले. मावशी घरी पुस्तक पुढे वाचून आली होती, पण पुढे नुसता शोकच शोक होता. ते तिने बाजूला ठेवलं आणि स्वतःचंच पुढे रेटलं. बसमध्ये ती घोड्याचा विचार करायची. भाजीत दोनदा मीठ घालायची, नाहीतर घालायचीच नाही. आयुष्यात आपण इतकं सुख कधी भोगलं होतं, ते तिला आठवेना. कामाच्या वेळी ती पुस्तक समोर धरायची, बोट ओलं करून वेळच्या वेळी पानंही उलटायची.

आणि मग शिडीने कुणाला न विचारता पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं : आम्ही अकराजणी तुमचं पुस्तक ऐकतो, फार आवडतं. उत्तर आलं ते नाचतच आलं. एका खोलीत अकरा वाचक! माझी तर सगळी मिळून चाळीस पुस्तकं गेली नाहीत. मी शुक्रवारी येतेच.

आता मावशी अडकली. दहाजणी तिच्या वाटणीचं काम उपसत होत्या, ते ती वाचते म्हणून. आणि ती तर वाचतच नव्हती! शिवाय ती बिचारी बाई उन्हात बसून पुस्तक विकते, आणि आपण तिच्या गोष्टीत परस्पर घोडा घुसवला. गुरुवारी तिने मनाचा हिय्या करून म्हाताऱ्याला मारायचंच ठरवलं. त्याला सकाळी ताप आणला. पण नवीचा चेहरा बघून संध्याकाळपर्यंत तो उठून बसला आणि जेवायला मागू लागला.

शुक्रवारी लेखिका आली. लहानखुरी बाई, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, खांद्याला पिशवी. बायकांनी तिला घडी घातलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि सगळ्या एकदम चमत्कारिक वागू लागल्या. शिडीने हवेबद्दल विचारलं. थोरलीने सावल्यांचं कौतुक केलं, धाकटीने धुकेवालीचं. पण पुढचं कुणी काही बोलेच ना. म्हातारा नाही, घोडा नाही. मावशीला वाटलं, वाचलो.

तेवढ्यात दाराशी उभे असलेले मुकादम आत आले. त्यांना सहा आठवडे काहीच ऐकू आलेलं नव्हतं, तरी त्यांच्याने राहवेना.

"बाई, बाकी सगळं ठीक," ते हात जोडून म्हणाले, "पण तो शिंकणारा घोडा! काय डोकं चालवलंय तुम्ही!"

दहाजणींनी एकदम कपाळावर हात मारले.

"कुठला घोडा?" लेखिकेने विचारलं.

"अहो, काही नाही," मावशी घाईघाईने म्हणाली, "मुकादमांनी दुसरंच कुठलंतरी पुस्तक वाचलं असेल."

आणि शिडी शिंकली. चादरींतून उडणाऱ्या बारीक तंतूंमुळे ती दिवसातून वीस वेळा शिंकायची, पण ही शिंक अशी वेळेवर आली की खोलीचा बांधच फुटला. थोरली धाकटीच्या गळ्यात पडून हसू लागली. मुकादम वही तोंडावर धरून हसले. लेखिका मात्र नुसती इकडून तिकडे बघत राहिली, आणि मावशीला रडू फुटलं.

"घोडा माझा आहे," ती म्हणाली. "तुमचा म्हातारा एकशे बाराव्या पानावर गेला. मी नाही त्याला जाऊ दिलं. पुढचं सगळं माझ्या पदरचं आहे. तुम्हालाही फसवलं आणि या पोरींनाही. माझ्या वाटणीच्या चादरी उचलून त्यांचे खांदे दुखायला लागले, आणि सहा आठवडे मी वाचलेलं एक अक्षर त्या पुस्तकातलं नाही."

"अगं, गप," थोरली डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला ठाऊक आहे ते."

"ठाऊक? ते कसं?"

"तुझी खूण," धाकटी म्हणाली.

मावशी पुस्तकात खूण म्हणून धुलाईच्या नंबराची पट्टी ठेवायची. प्रत्येक गठ्ठ्याला बांधतात तसली, लाल आकड्यांची. दिवसभर ती पानं उलटायची खरी, पण सुट्टीची घंटा झाली की हात आपोआप पट्टी त्याच पानात ठेवून द्यायचा, जिथे तिच्या लेखी खरी गोष्ट थांबली होती. आणि खोलीतल्या दहाजणींचा तर धंदाच पट्ट्या बघण्याचा. कुठली कुठे लागली, कुठली हलली नाही, हे त्यांना झोपेतसुद्धा कळलं असतं. सहा आठवड्यांत ती पट्टी तसूभर पुढे सरकली नव्हती.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस!" शिडी म्हणाली. "आज आम्ही ठरवून गप्प होतो, तुला सांभाळायला. मुकादमांना सांगायचं तेवढं राहिलं."

"म्हणजे घोडा पुस्तकात नाही?" मुकादमांनी पडेल आवाजात विचारलं.

नवी पुढे आली. "मला तर दुसऱ्याच दिवशी कळलं, मावशी. सुट्टीत तुम्ही हात धुवायला गेलात, तेव्हा मी ते पान वाचलं. तो मेलाय, हे मला माहीत होतं. आणि तुम्ही आत येऊन बसलात आणि म्हणालात, म्हातारा उठला, त्याने सुईत दोरा ओवला." तिने मावशीचं ते दुखरं मनगट हातात धरलं. "मला वाटलं, कुणीतरी माझ्यासाठी एवढं खोटं बोलतंय."

मावशीला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते तिला कळेना.

सगळ्यांनी मग लेखिकेकडे पाहिलं. तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली.

"खरं सांगू का?" ती म्हणाली. "त्याला कसं वाचवायचं ते मला सुचेना, म्हणून मारलं मी त्याला. त्यापुढचं पुस्तक माझं मलाच वाचवत नाही." ती गठ्ठ्यावरून उठली आणि नवीच्या समोर जाऊन तिने चादरीची दोन टोकं धरली, तीही उलटी. "मावशी, घोडा त्याला घेऊन गेला. मग?"

"पण ते पुस्तकात नाही हो."

"पुस्तक मिटा आणि वाचा."

मावशीने डोळे पुसले आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आज एक श्रोती वाढली होती, म्हणून तिने घोड्याला पहिल्यापासून आणलं. लेखिकेने सात चादरींच्या घड्या घातल्या, सातही शिडीला गुपचूप उलगडून पुन्हा घालाव्या लागल्या. धुकेवालीने पोत्याची गाठ सोडायला हात लावला, आत काहीतरी हललं, घोड्याने नाक वर केलं, आणि बरोबर तेव्हा पाळी सुटल्याची घंटा झाली.

मावशी थांबली, रोजच्यासारखी.

"असं कसं?" लेखिका हातातली चादर तशीच धरून ओरडली. "पोत्यात काय होतं?"

"उद्या!" दहाजणी एका सुरात म्हणाल्या. मुकादमही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कामावर आली तेव्हा खोलीला अजून कुलूप होतं. दाराशी लेखिका उभी होती, बाह्या दुमडून.