खिशातच राहिलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. जाड काच, पितळी कडे आणि लाकडी मूठ, एवढाच माझा संसार. मला घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिराचा चेहरा आता आठवत नाही, त्याच्या अंगठ्याची ऊब तेवढी आठवते. पुढे मी एका घड्याळजीच्या टेबलावर आले. तो वारल्यावर त्याच्या थोरल्या मुलीने मला आपल्या एप्रनच्या खिशात टाकले. ती एका रोपवाटिकेत काम करायची.

तिथे माझे सुखाचे दिवस गेले. सुट्टीच्या दिवशी रोपे घ्यायला आलेली माणसे तिच्याभोवती गोळा होत. ती पाने उलटून अळ्या दाखवी. लिंबाच्या पानावर पाखराची विष्ठा पडली आहे असे समजून कुणी नाक मुरडले, की ती मला पुढे धरी. मग त्या विष्ठेला इवले इवले पाय दिसत आणि माणसे खुळ्यासारखी बघत राहत. सगळे तिला अळीमावशी म्हणू लागले. कौतुक तिचे होई, पण खिशातल्या खिशात मीही फुलून जाई.

पुढे तिची नजर अधू झाली. एकदा एक गिऱ्हाईक म्हणाले, "मावशी, आता भिंगाशिवाय हत्तीसुद्धा दिसायचा नाही तुम्हाला." सगळे हसले, तीही हसली. पण त्यानंतर चारचौघांत तिने मला कधी बाहेर काढले नाही.

त्याच सुमारास तिची भाची तिथे कामाला लागली. मुलगी कामाला वाघ होती, पण अळी दिसली की दहा पावले मागे सरे. मावशीने तिला हळूहळू धीट केले. मावशी सांगेल त्या अळीला ती डोळे मिटून बोट लावू लागली.

एके दिवशी गर्दीतच भाचीने लिंबाची फांदी खाली ओढली.

"मावशी, ही कुठली गं?"

मावशीने लांबूनच पाहिले. तिला हिरवा रंग तेवढा दिसला.

"लिंबावरचीच, फुलपाखराची. घे हातावर."

"नक्की ना?"

"मी सांगतेय ना."

मावशीचा हात खिशात आला. तिची बोटे माझ्या मुठीला लागली आणि तशीच थांबली. तेवढ्यात भाची कळवळली. तिचा तळहात लालबुंद झाला आणि बघता बघता सुजला. शेजारच्या औषधवाल्याने चिकटपट्टी लावून बारीक काटे उपसले आणि बर्फ धरायला दिला. एकेक करून माणसे निघून गेली. मावशीकडे कुणीच बघत नव्हते आणि तेच तिला सोसवेना.

सगळे गेल्यावर तिने मला त्या पानावर धरले. चपटे अंग, पाठीवर निळा पट्टा आणि दोन्ही कडांना काट्यांचे झुबके. माझ्यातून सगळे लख्ख दिसत होते. तिच्या श्वासाने माझी काच धुरकटली, तरी ती पुसायचे तिला सुचेना.

मागे भाची उभी होती.

"तू नीट बघितलंच नव्हतंस ना?"

"नाही." मावशीची मान वर होईना. "मला दिसत नव्हतं. भिंग काढायची लाज वाटली."

"मग मला विचारायचंस. माझे डोळे होते की."



पुढच्या सुट्टीला तिने लोकांसमोर घडले ते सांगितले. सांगताना तिचे कान लाल झाले होते. मग मला बाहेर काढून म्हणाली, "थांबा, आधी बघू दे." आणि बराच वेळ बघून, "ही मला ओळखता येत नाही," असेही तिने सांगून टाकले.

भाचीचा हात बरा झाला. पण मावशीने नक्की म्हटले, तरी ती आता अळीला बोट लावत नाही. आधी मला मागून घेते. मला देताना मावशीची नजर दर वेळी खाली जाते.

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा, मला उन्हात टाकू नका. पण त्याहीआधी, दिसत नसेल तेव्हा मला चारचौघांत बाहेर काढा. मी खिशात राहिले, तर तळहात दुसऱ्याचा पोळतो.