रतनीच्या मोरकीतला बिल्ला

अमृतकाकांनी ती गोष्ट इतक्या जणांना सांगितली होती की तिला आता ठेका आला होता. भेटायला माणूस यायचा, ओसरीवर टेकायचा, पाणी प्यायचा. मग काका एकदा गोठ्याकडे बघायचे आणि सुरू करायचे.

"म्या माह्या डोयानं पाह्यलं. घोडीनं चंपतदादाले असा फेकला. फेकून पळाली असती त म्हटलं असतं, जनावर हाय, भेलं. पण नाई. छातीवर उभी झाली बाप्पा! तुडवून राह्यली होती. मी काठी घेऊन धावलो म्हून दादा अख्खा तरी भेटला."

"सापीण होतीच ना तिच्या मानंवर," येणारा म्हणायचा.

"मी त माळेगावच्या जत्रंतच म्हटलं होतं," काका म्हणायचे. आणि सगळे मान हलवायचे.

मी चहाचे कप गोळा करायची. चंपतदादा म्हणजे माझे बाबा. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं स्पष्ट सांगितलं होतं. बाबांना शेवटची अंघोळ घालताना पाणी ओतायला काका स्वतः होते. छातीवर ओरखडासुद्धा नव्हता, ते त्यांनी पाहिलं होतं. तरीही, रोज, तुडवून राह्यली होती.

सापीण म्हणजे घोड्याच्या मानेवरचा उलट्या केसांचा भोवरा, सापासारखा लांबट. आमच्या भीमपूरकडे घोडा घेणारा माणूस दात नंतर बघतो, भोवरे आधी. सापीण असली की घोडी धन्याला खाते म्हणतात. आमच्या रतनीच्या मानेवर, आयाळीखाली, ती आहे. म्हणूनच जत्रा उठायला आली तरी तिला कोणी हात लावत नव्हतं, आणि म्हणूनच बाबांनी तिला आणलं. जनावरांच्या दवाखान्यात त्यांची नोकरी झाली होती. ते म्हणाले, "तीस वर्सं जनावरं पाह्यली. केसानं माणूस मरताना नाई पाह्यला."

निवृत्तीनंतर ते घोडेस्वारी शिकत होते. शिकवत नव्हते, शिकत होते, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, शेताच्या कडेला नांगरून मऊ केलेल्या रिंगणात. गावाला त्याचं हसू यायचं. "राव, लगन ठरलं का?" म्हणून पोरं विचारायची. बाबा म्हणायचे, "ठरलं. पण नवरी चार पायाची हाय."

मी निर्मल गावी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला असते. एकदा फोनवर ते म्हणाले की मी खोगिरावर एका अंगाला कलतो असं वाटतं, रतनी डावीकडे वळताना अडते, पण मला सांगणार कोण? म्हणून मी त्यांना तो स्टँड पाठवला. त्यावर फोन लावायचा आणि सोबतचा छोटा बिल्ला दंडाला बांधायचा. बिल्ला जिकडे जाईल तिकडे स्टँड फोन वळवतो. बाबांनी त्याचं नाव सूर्यफूल ठेवलं. रोज सकाळी रिंगणाच्या बांधावर सूर्यफूल उभं करायचे, फेऱ्या मारायचे, आणि संध्याकाळी मला व्हिडिओ यायचा. मी पुस्तकातून वाचून सांगायची: टाच खाली, खांदे मोकळे, नजर घोड्याच्या कानांवरून पुढे. ते ऐकायचे. खरंच ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी टाच खाली असायची.

मग एक दिवस व्हिडिओत बाबा अर्धेच दिसायला लागले. डोकं कापलेलं, आणि मधोमध रतनी. मी विचारलं, हे काय?

"बिल्ला तिच्या तोंडावरच्या मोरकीत बांधला," ते म्हणाले. "दोरीवर फिरवतो तवा मी मधात उभा, न् ती फिरते. सूर्यफूल मलेच पाहत बसते. माह्यात पाहासारखं काय हाय? तिचे पाय पाह्य."

"पण वर बसता तेव्हा तरी दंडाला बांधा."

"आता कोण सोडते, बांधते! दोघं एकाच जागी त असतो."

तेरवी झाली तसा काकांनी भैंसा गावच्या राजकुमारला निरोप धाडला. राजकुमार वरातीसाठी घोड्या भाड्याने देतो. बाबा असताना तो दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. त्याच्याकडे घोड्या नाचायला कशा शिकतात ते बाबांनी पाहिलं होतं. चारही पाय खुंट्यांना बांधतात, कानाशी ढोल वाजवतात आणि पाय उचलेपर्यंत पोटऱ्यांवर छड्या मारतात. ढोल ऐकला की तिथं दुखतं, म्हणून घोडी पाय उचलते. लोक त्याला नाच म्हणतात.

मी आईला म्हटलं, "आई, बाबांना हे चाललं नसतं."

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. "घेऊन जाऊ दे तिले," ती म्हणाली. "ती खिंकाळली का मले तेच दिसते. मले नोको ती दारात."

तिच्या नवऱ्याला त्या घोडीनं मारलं असं तिला तेरा दिवस ऐकवलं गेलं होतं.

राजकुमार सकाळी येणार होता. आदल्या दुपारी मी बाबांचा फोन शोधला. त्या गडबडीत कुणीतरी तो स्टँडसकट आणून कोनाड्यात ठेवला होता, बंद पडलेला. मी तो चार्जिंगला लावला, मागच्या खोलीत कापसाच्या ढिगावर बसले आणि शेवटचा व्हिडिओ उघडला.

बाबा चांगले बसले होते. हे मला आधी दिसलं. कलले नव्हते. डावीकडच्या वळणावर रतनी अडली नाही तेव्हा ते स्वतःशीच "व्वा" म्हणाले. मग पुढच्या फेरीत त्यांनी लगाम एका हातात घेतला आणि दुसरा हात छातीवर ठेवला. पुढे वाकले. रतनी आपण होऊन हळू झाली आणि उभी राहिली. बाबा तिच्या अंगावरून घसरत खाली आले, बांधापासून अगदी जवळ. एक पाय रिकिबीत अडकला होता. ती हलली असती तर ते फरफटले असते. ती हलली नाही. पाय सुटून खाली पडला तरी हलली नाही. मान खाली घालून त्यांच्या तोंडाजवळ फुरफुरत राहिली. ती थांबली होती म्हणून फोनही थांबला होता.

मग डावीकडून काका आले. ओरडत आले. त्यांनी रतनीच्या तोंडावर काठी मारली. ती तरी जागची हटेना. त्यांनी पुन्हा मारली, डोळ्याजवळ. मग ती मागे सरली आणि पळाली, आणि मोरकीत बिल्ला होता म्हणून फोन तिच्या मागे वळला.

बाबा चित्रातून गेले.

पुढे सगळं लांबचं आहे. तुरीच्या शेतापलीकडे रतनी, मागे काका. ती वळून रिंगणाकडे यायला बघते, काका तिला पुन्हा हाकलतात. शिव्या लहान लहान ऐकू येतात. पण फोन बांधावर होता आणि बाबा बांधाशी पडले होते, म्हणून त्यांचा आवाज जवळचा आहे.

"अमृता. मारू नोको तिले."

मग थोडा श्वास.

"अमृता, इकडं ये रे. पाणी आन."

काका लांब होते. चित्रात काठी वर जाते, खाली येते.

"पाणी," बाबा पुन्हा म्हणाले, आणि नंतर त्यांचा आवाज नाही.

पाण्यानं बाबा वाचले नसते, इतकं मला कळतं. पण त्यांनी पाणी मागितलं होतं, आणि मागितलं तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर एका भोवऱ्याला झोडपत होता. आणि त्या बिल्ल्याचाही मला संताप आला, आणि बाबांचाही. माझ्यात पाहण्यासारखं काय आहे म्हणे. मला तुम्हाला पाहायचं होतं.

संध्याकाळपर्यंत मी ठरवलं होतं. "मारू नोको तिले" इथपर्यंतच ऐकवायचं. रतनीला ठेवून घ्यायला तेवढं पुरे होतं. पुढचं कुणाच्या कानावर घालण्याची गरज नव्हती.

राजकुमार छोटा टेम्पो घेऊन आला. गोठ्यात जाऊन त्यानं रतनीचे पाय चाचपले, दात बघितले, आयाळ उचलली आणि हसला.

"ही तर पक्की सापीण आहे, अमृतराव."

"म्हून त देऊन राह्यलो."

"आपल्याला काय? वरातीत मानेवर झालर असते. खाली साप हाय का अजगर, नवरदेवाला थोडंच दिसते." त्यानं रतनीच्या डोळ्याजवळची खपली बोटानं दाबली. "हे काय लागलं?"

काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. राजकुमारनं आपला दोर मोरकीत ओवला. बिल्ला अजून तिथेच होता. त्याला ते शोभेचं काही वाटलं असावं.

"काका," मी म्हटलं, "राजकुमारभाऊंना सांगितलं का, काय झालं होतं ते?"

"सारं गाव जानते."

"त्यांनी तुमच्या तोंडून ऐकलं नसेल. सांगा ना."

ते सांगू लागले. असा फेकला. छातीवर उभी झाली. मी शेवटपर्यंत सांगू दिलं. मग बाबांचा फोन त्यांच्यासमोर धरला.

काका पाहत होते, राजकुमार त्यांच्या खांद्यावरून पाहत होता. बाबा घसरले. पाय अडकला, सुटला. रतनी उभी. राजकुमार पुटपुटला, "अरे, ही तर राखण करून राहिली." काठी आली. चित्र वळलं. आणि बाबांचा आवाज आला.

"अमृता. मारू नोको तिले."

मी थांबवलं.

काकांचा चेहरा क्षणभर सैल पडला. मला वाटलं, झालं, सुटलो आपण यातून. पण त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि राजकुमारकडे वळले.

"पाह्यलं? मरता मरता बी घोडीच! बायको नाई, पोरगी नाई, घोडी! याले म्हंतात सापीण. मानूस असा बांधून टाकते ती. फेकलं काय अन् नाई फेकलं काय, खाल्लं तिनंच. चाल, घाल तिले गाडीत."

तेव्हा मला कळलं की काका इतके दिवस खोटं बोलतच नव्हते. माळेगावहून घोडी आली त्या दिवसापासून ते ह्याच गोष्टीची वाट बघत होते, आणि त्या सकाळी धावत आले तेव्हा त्यांना तीच दिसली. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं. ह्या माणसाच्या डोळ्यांपुढे खरं धरलं तरी त्याला त्यात सापीणच दिसणार होती.

"अजून संपलं नाही, काका," मी म्हटलं आणि पुढे लावलं. आवाज पूर्ण मोठा केला.

"अमृता, इकडं ये रे. पाणी आन."

लांबवर काठी वर गेली, खाली आली.

"पाणी."

फोनमध्ये आता फक्त स्टँड वळल्याची बारीक घरघर होती. काका आधी फोनकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोनकडे, जणू आवाज नक्की कुठून आला ते शोधत होते.

"मले... मले ऐकूच नाई आलं," ते म्हणाले. "पोरी, मी त त्याच्याचसाठी..."

"माहीत आहे."

"तिकडून कसं ऐकू येईन? तूच सांग."

काका दाव्याच्या खुंटीशी खाली बसले, शेणातच. राजकुमारनं मोरकीतून आपला दोर काढला, गुंडाळला आणि टेम्पोत टाकला. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "त्या डोळ्याला हळद लावा, ताई."

टेम्पो वळला तेव्हा मला दारात आई दिसली. कधीची उभी होती कोण जाणे. डोक्यावरचा पदर घसरला होता. रतनीकडे न बघणारी आई गोठ्यात पाय ठेवून उभी होती.

"ह्यांचा आवाज होता," ती म्हणाली.

"हो."

"पुन्हा लाव."

"आई, नको."

"लाव म्हंते ना मी. सुरवातीपासून."

काका भिंतीला हात लावून उठायला लागले. आई त्यांच्याकडे वळली. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी कधी मोठ्यानं बोलली नव्हती. आताही आवाज मोठा नव्हता.

"बसा, भाऊजी," ती म्हणाली. "तेरा दिवस तुमी सांगतलं, मी ऐकलं. आता तुमी ऐका."

काका बसले. मी व्हिडिओ सुरुवातीपासून लावला. आईनं फोन माझ्या हातून घेतला आणि चेहऱ्याजवळ धरला. बाबा "व्वा" म्हणाले तिथे तिचा ओठ हलला. "पाणी" म्हणाले तिथे तिनं डोळे मिटले, पण फोन खाली घेतला नाही. संपल्यावर तिनं तो माझ्याकडे दिला, कोपऱ्यातली रतनीची बादली उचलली आणि हौदाकडे गेली. ती परत येईपर्यंत काका तिथेच होते. मी त्यांना उठा म्हटलं नाही.