पट्ट्यांना पाजलेलं एरंडेल

सावद्याच्या चुडामण नानांना चामड्यातलं कळत होतं, आणि सगळा घोळ तिथूनच झाला. केळीची बाग, थोडा कापूस, दोन बैलजोड्या असा त्यांचा पसारा; पण गावात नाव होतं ते त्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्यांचं. वर्षानुवर्षं वापरूनही लोण्यासारखे मऊ. कोणी विचारलं की नाना सांगत, चामडं तहानेनं मरतं, त्याला तेल पाजत जा.

त्यांची धाकटी लेक कोकिळा जळगावला होस्टेलात राहून शिकायची आणि जिम्नॅस्टिक्स खेळायची. एक आडवा बार उंच, एक ठेंगणा. या दोन्हींवर ती अशी फिरायची की बघणाऱ्यालाच गरगरावं. तळहाताला बांधायचे चामडी पट्टे तोताराम सरांनी तिला पुण्याहून आणून दिले होते. पकड सुटू नये, कातडी सोलू नये म्हणून. पोर ते पट्टे देवासारखे जपायची. पाणी लावायचं नाही, जुन्या टूथब्रशनं घासायचं, घाम शोषणारी पांढरी चॉकपावडर चोळायची आणि कापडी पिशवीत ठेवायचं.

एकोणनव्वद साली धुळ्याला विभागीय स्पर्धा होत्या. तिथून राज्याच्या संघात निवड व्हायची होती. नानांनी अट घातली होती: निवड झाली तर खेळ, नाही तर फैजपूरचं स्थळ. स्थळ आणलं होतं नानांच्या धुळ्याला दिलेल्या थोरल्या बहिणीनं, पुष्पा अक्कांनी. अट घातली आणि नाना मनातून पस्तावले, कारण घरी आलेली पोर धड जेवेना. ती जिंकावी असं त्यांना फार वाटत होतं. पण हे तोंडानं सांगायचं कसं? बाप माणूस असं काही बोलतो का कुठं?

निघायच्या आदल्या दुपारी खुंटीवरची पिशवी त्यांनी सहज उघडली. पट्टे पांढरेफटक, कोरडे ठक्क, कडेला भेगा. नानांचा जीव कळवळला. बोलण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्यांनी एरंडेलाची बाटली काढली आणि अंगठ्यानं इतकं चोळलं, इतकं चोळलं, की चामडं तृप्त झालं.

धुळ्याच्या हॉलमध्ये कोकिळेनं पिशवी उघडली आणि वास आधी बाहेर आला. पट्टे माशासारखे हातातून निसटले. तिनं नानांकडे पाहिलं.

"नाना, मी हरावं म्हणूनच केलं ना हे?"

"मी कायले असं करीन?" एवढंच नानांना सुचलं. बैलांच्या पट्ट्यांची गोष्ट सांगावी तर ती वेळ नव्हती. त्यांनी सरांच्या डब्यातली चॉकपावडर ओंजळीनं उचलून पट्ट्यांवर थापली, तर एरंडेलात तिचा भाकरीच्या पिठासारखा गोळा झाला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पोरीला डोळ्यांत तेल घालून जपायचं असतं. नानांनी ते पट्ट्यांत घातलं. सरांनी कपाळावर हात मारला आणि नानांना बजावलं, आता बाराला, गादीला, कशालाही हात लावायचा नाही. नाना बिचारे भिंतीशी दोन्ही हात वर धरून उभे राहिले. त्यांना काही विचारायचं असेल असं वाटून एक स्वयंसेवक दोनदा येऊन गेला.

दुसऱ्या मुलींचे पट्टे कोकिळेला होईनात. शेवटी तिनं उघड्या हातांना चॉक चोळलं आणि झेप घेतली. ठेंगण्या बारावरून उंच बारावर ती सुरेख गेली. शेवटच्या मोठ्या झोक्यात तळव्याची कातडी फाटली, पकड सुटली, पोर गादीवर आपटली. उठली, पुन्हा चॉक लावलं, पुन्हा चढली आणि खेळ पुरा करूनच उतरली. पण पडल्याचे गुण गेले ते गेलेच. संघात तिचं नाव लागलं नाही.

प्रेक्षकांतून पुष्पा अक्का लगबगीनं आल्या. झालं ते एका परीनं बरंच झालं म्हणाल्या. फैजपूरवाल्यांना रविवारी बोलावू आणि पोरीचे हात पिवळे करून टाकू. कोकिळा खाली बघत राहिली.

नानांनी तिच्या हातांकडे पाहिलं. चॉकनं पांढरे, मधोमध सोललेले.

"अक्का, येऊ नका म्हणून सांगजो त्यायले. पोरगी नाही हरली, माह्यं तेल हरलं. हात पिवये करायचं मग पाहू. आता हे पांढरेच राहू दे."

सकाळपासून पहिल्यांदाच कोकिळेनं बापाकडे नीट पाहिलं. तिचे डोळे भरून आले. नाना तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले, तशी ती झटकन मागे सरली.

"नाना, आधी हात धुऊन या," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला हसू फुटलं.

नाना नळ शोधत निघाले.